मोठ्या अक्षराची गैरहजेरी

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री जांभेकरांच्या या पत्राचे पान दोन स्तंभांत विभागलेले असे. एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी त्याचाच मराठी. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ म्हणून या पानाकडे पुष्कळदा पाहिले गेले आहे. येथे मात्र त्याकडे निव्वळ डोळ्यांनी, म्हणजे मजकूर न वाचता पाहावयाचे आहे. तसे पाहिले की इंग्रजी स्तंभाची पातळी सारखी वरखाली होताना दिसते. वाक्याच्या आरंभी, माणसाच्या नावाला, गावाच्या नावाला, महिन्याच्या नावाला एकेक अक्षर डोके वर काढते. शेजारचा मराठी स्तंभ शिरोरेषेखाली एकसारखा लोंबतो. एका भाषेने आपल्या नामांना उभे केले आहे, दुसरीने सर्वांना एका ओळीत बसवले आहे. त्यानंतरच्या शतकभरात इंग्रजी पानावरील बहुतेक सारी सामग्री मराठीने उचलली. स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, परिच्छेद, तळटीप हे सर्व आले. मोठे अक्षर तेवढे आले नाही. या न येण्याचा मराठीतील नामांच्या अर्थव्यवहाराशी काय संबंध आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करावयास हवा. मोठे अक्षर हे विरामचिन्ह नव्हे. ते दुसऱ्या लिपीतले अक्षर आहे. रोमन शिलालेखांची चौकोनी अक्षरे आणि शार्लमेनच्या काळात, इ. स. ८००च्या सुमारास, स्थिरावलेली लहान वळणाची लिपी या मुळात दोन वेगळ्या लेखनपद्धती होत. त्यांची सांगड हस्तलिखितांत हळूहळू पडत गेली आणि पंधराव्या शतकातील इटालियन मुद्रकांनी ती खिळ्यांत कायम केली. जुळाऱ्याच्या वरच्या पेटीत एक लिपी आणि खालच्या पेटीत दुसरी. त्या पेट्यांवरूनच इंग्रजीत या अक्षरांना वरच्या आणि खालच्या पेटीची अक्षरे म्हणतात. आपल्याकडील शाळामास्तर ‘मोठी लिपी’ आणि ‘लहान लिपी’ असे म्हणत, ते शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर होते.

तसेच इंग्रजीतील नियमही काही अनादि नाहीत. सतराव्या आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी पुस्तकांत बहुतेक नामे मोठ्या अक्षराने छापलेली आढळतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चाल मोडली. बेंजामिन फ्रँकलिनने १७८९मध्ये नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात त्याबद्दल तक्रारही केली आहे. जर्मन भाषेने ती चाल आजवर राखली आहे. डॅनिशने १९४८मध्ये टाकली. म्हणजे ‘दर्पण’च्या इंग्रजी स्तंभात जी शिस्त दिसते तिला त्या वेळी फार तर दोन पिढ्या झाल्या होत्या. आपण ज्याला इंग्रजीचा स्वभाव समजलो ती त्या काळची ताजी फॅशन होती.

मराठीची मोठ्या अक्षराशी पहिली गाठ मात्र याच्या पुष्कळ आधी पडली, आणि तीही एका इंग्रजाच्या हातून. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या छपाईची, तसेच १६४९ व १६५४च्या आवृत्त्यांचीही प्रत आज उपलब्ध नाही. देशी लिपीचे खिळे पाडण्याची स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८च्या पत्रात त्यांनी अडचणही मांडली आहे: या लिपीत अक्षर म्हणजे पूर्ण उच्चारखंड, त्यामुळे साचे सहाशेपर्यंत लागतात, रोमन लिपीला चोवीस पुरतात. ही हकीकत अ. का. प्रियोळकरांच्या मुद्रणविषयक ग्रंथामुळे आपल्याला परिचित आहे. चोवीस विरुद्ध सहाशे हा हिशोब पुढे दोन शतके मराठी मुद्रणाच्या मानेवर बसला होता, आणि मोठे अक्षर न येण्याचे पहिले, अगदी भौतिक कारण याच हिशोबात आहे. चोवीसाचे अठ्ठेचाळीस करणे परवडते. सहाशेचे बाराशे कोणी करील?

‘क्रिस्तपुराणा’च्या पाठपरंपरेत आपल्या प्रश्नाचे एक छोटे रूप पाहावयास मिळते. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरहून काढलेली आवृत्ती रोमन लिपीत आहे. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील हस्तलिखित देवनागरीत आहे, आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६मध्ये पुण्याहून काढलेली आवृत्तीही देवनागरीत आहे. रोमन आवृत्तीत ईश्वरवाचक शब्दांना मोठ्या अक्षराचा मान मिळतो. देवनागरीत तेच शब्द ओवीतील इतर शब्दांच्या पंक्तीला येऊन बसतात. स्टीफन्स यांनी मुद्दाम पुराणाचा घाट निवडला होता. देवनागरीत वाचताना ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ हे शब्द एकनाथांच्या भागवतात असावेत तसेच वाटतात. रोमनमध्ये वाचताना ते कॅथलिक शब्द होतात. ओवी तीच राहते, परंतु तिचा वाचकवर्ग लिपीबरोबर बदलतो.

एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनाही हीच अडचण आली. इंग्रजीत एकमेव ईश्वर आणि अनेक देवांपैकी एक यांतील भेद केवळ एका अक्षराच्या उंचीने दाखवता येतो. एकेश्वरवादाचा सारा सिद्धान्त त्या उंचीत सामावतो. मराठीत ही सोय नसल्यामुळे भेद शब्दाशब्दांत वाटून द्यावा लागला. मराठी बायबलमध्ये ‘देव’, ‘परमेश्वर’ आणि ‘प्रभू’ यांची कामे वेगवेगळी ठरली आहेत. इंग्रजी बायबल जेथे यहुदी ईश्वरनामासाठी प्रभुवाचक शब्द सबंध मोठ्या अक्षरांत छापते तेथे मराठीत ‘परमेश्वर’ येतो. लिपीने जे केले नाही ते शब्दसंग्रहाने केले. सर्वनामाच्या बाबतीत तर मराठीने उलटाच मार्ग धरला. इंग्रजी भाविक देवाच्या सर्वनामाला मोठे अक्षर देतो. मराठी भाविक राजाला आणि सासऱ्यालाही आदरार्थी बहुवचन देतो, पण देवाला ‘तू’ म्हणतो. आदर काढून घेणे ही येथे जवळिकीची खूण आहे. संतांच्या इंग्रजी अनुवादांतून ‘तू’च्या जागी उभे अक्षर आले की विठ्ठल कमरेवरचे हात काढून सिंहासनावर बसल्यासारखा वाटतो.

विरामचिन्हांच्या आगमनाचा इतिहास येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुखपद सांभाळलेल्या आणि पुढे सरकारी भाषांतरकार झालेल्या मेजर थॉमस कँडी यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते ते योग्यच आहे. १८५०च्या सुमारास त्यांनी विरामचिन्हांची परिभाषा मराठीत सिद्ध केली, आणि क्रमिक पुस्तकांच्या द्वारे ती घरोघर नेली. १८७४मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर अर्धविराम असे वापरतात की जणू ते ज्ञानेश्वरांच्या काळापासून आपल्याकडे होते. चिन्ह ओळीत कोठेही घालता येते, त्याला एक खिळा पुरतो आणि ते भाषेच्या अक्षरांना हात लावत नाही. म्हणूनच ते सुखाने आले.

खिळे गेल्यावर तरी ही दुसरी लिपी यावयास हरकत नव्हती. पण संगणकाच्या कळफलकावर देवनागरीने वरच्या पेटीची जागा भलत्याच कामाला लावली. इनस्क्रिप्टमध्ये ज्या कळीने ‘क’ उमटतो तीच शिफ्टसह ‘ख’ देते. ‘ग’च्या वर ‘घ’, ‘त’च्या वर ‘थ’, ‘प’च्या वर ‘फ’ बसतो. इंग्रजीने जेथे प्रतिष्ठा ठेवली तेथे मराठीने महाप्राण ठेवला. परदेशस्थ मराठी माणसे रोमन अक्षरांतून मराठी लिहू लागली तेव्हा आयट्रान्ससारख्या पद्धतीत मोठ्या ‘टी’ने ‘ट’, मोठ्या ‘एन’ने ‘ण’ आणि मोठ्या ‘एल’ने ‘ळ’ दाखवला गेला. त्या लेखनात ‘बाळ’च्या शेवटी येणारे अक्षर उंच असते आणि ‘तुकाराम’चे पहिले अक्षर ठेंगणे. इंग्रजीच्या शिक्षकाला घाम फुटावा असे हे लेखन आहे, परंतु त्याच्या मागचे ध्वनिविचाराचे तर्कशास्त्र पाणिनीला आवडले असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठे अक्षर नसताना मराठीने विशेषनाम कसे ओळखले? मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आणि त्याआधीच्या व्याकरणांत विशेषनाम व सामान्यनाम हा भेद अर्थाच्या अंगाने दिलेला असतो. मला असे वाटते की भाषेने तो रूपाच्या अंगानेही राखला आहे. ‘विंचू’चे ‘विंचवाने’ होते, पण ‘बंडू’चे ‘बंडवाने’ कधी होत नाही. ‘गोखल्यांनी’ हे जुने रूप मागे पडून ‘गोखलेंनी’ रूढ होत आहे, ‘सीतेने’च्या जागी ‘सीताने’ कानांवर पडते. शुद्धलेखनाचे अभिमानी याला अज्ञान म्हणतात. पण यात एक व्यवस्था आहे. नाव विकारापासून सुटू पाहते आहे. सामान्यनामाला प्रत्ययापूर्वी वाकावे लागते. विशेषनाम आता वाकावयास नकार देते. रस्त्यावरच्या ‘काळ्यांनी’ आणि वाड्यातल्या ‘काळेंनी’ यांत मराठी कान आज जो फरक करतो तो इंग्रजी डोळा मोठ्या अक्षराने करतो. फरक इतकाच की ही खूण कर्तृपदी, प्रत्यय नसताना, उमटतच नाही. ‘काळे आले’ या वाक्यात संदर्भावाचून इलाज नाही.

दुसरी खूण सामाजिक आहे आणि तिच्यावर थोडे थांबावयास हवे. जुन्या पत्रांत आणि एकोणिसाव्या शतकातील मुद्रणात ‘रा. रा.’, ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘ह. भ. प.’ अशी उपपदे नावापुढे येतात. ती दिसली की नाव आले हे वाचकाला कळते, म्हणजे ती मोठ्या अक्षराचे काम करतातच. पण ती त्याहून जास्त सांगतात: वय, सौभाग्य, वैधव्य, दर्जा. नावाच्या पाठीमागे येणारे ‘पंत’, ‘राव’, ‘शेट’ आणि महारांच्या नावाला लागणारे ‘नाक’ यांनी जातही सांगितली जाते. मराठी कागदावर प्रत्येक नावाची उंची वेगळी आहे. याउलट इंग्रजी अक्षराची उंची सर्वांना सारखी. कंपनी सरकारच्या इंग्रजी दफ्तरात पेशव्याचे नाव आणि वेठीला धरलेल्या माणसाचे नाव एकाच मापाच्या अक्षराने सुरू होते. इंग्रजी राज्य समतेचे होते असा याचा अर्थ नाही. तेथे ही समता केवळ लेखनसंकेताची होती, पण लेखनसंकेतही पुष्कळदा मागणीचे निमित्त होतात.

त्या मागणीकडे येण्यापूर्वी संतकाव्यातील नाममुद्रांचा विचार करणे भाग आहे, कारण मोठ्या अक्षराच्या अभावाने मराठी कवितेला जे दिले ते तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावे आहेत आणि चार पारिभाषिक शब्दही. ‘अमृतानुभवा’चे दुसरे प्रकरण निवृत्तीचे स्तवन आहे. ते गुरूचे स्तवन आहे की प्रवृत्तीच्या उपशमाचे, हा प्रश्नच त्या प्रकरणाचा जीव आहे. ज्ञानदेव नाव आणि संकल्पना यांच्यामधली भिंत उभीच राहू देत नाहीत. लिपी त्यांना साथ देते. इंग्रजी अनुवादकाला प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो. मोठे अक्षर घातले तर व्यक्ती उरते, लहान घातले तर तत्त्व. दोन्ही एकदम लिहिण्याची सोय त्या लिपीत नाही. जे संहितेत अद्वैत असते ते अनुवादाच्या पहिल्या अक्षरालाच द्वैत होते.

‘एका जनार्दनी’ या मुद्रेचे तसेच आहे. एका म्हणजे एकनाथ. एका म्हणजे एकच. जनार्दन म्हणजे देव आणि देवगिरीचे जनार्दनस्वामीही. दोन शब्दांत शिष्य, गुरू, देव आणि एकत्व हे चारही एकमेकांत मुरलेले आहेत. पदाच्या शेवटी कवी आपली सही करतो आणि त्याच सहीत स्वतःला पुसून टाकतो. नामदेवांच्या ‘नामा’मध्ये नाम ऐकू येतेच. शैलीविज्ञानाच्या परिभाषेत याला श्लेष म्हणून मोकळे होता येईल, पण संस्कृत पंडितकवींचा श्लेष शब्द फोडून दोन अर्थ देतो. येथे काहीही फोडलेले नाही. शब्द एकसंध आहे आणि वाचकाला अर्थ निवडण्याची सक्तीच होत नाही.

सर्वांत जड प्रकरण चोखामेळ्याचे. ‘चोखा’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्याच्या बहिणीचे नाव निर्मळा. ज्यांची सावली विटाळ मानली गेली त्या घरात ही दोन नावे आहेत. ‘चोखा म्हणे’ असे म्हणून जेव्हा अभंग संपतो तेव्हा बोलणारा कोण? मंगळवेढ्याचा महार, की जो शुद्ध आहे तो? विटाळाच्या प्रश्नावर लिहिलेल्या अभंगांत ही मुद्रा युक्तिवादाचे शेवटचे वाक्य असते. रोहिणी मोकाशी-पुणेकर यांनी या अभंगांचे इंग्रजी अनुवाद २००२मध्ये प्रसिद्ध केले आणि एलिनॉर झेलियट यांनीही चोखामेळ्यावर महत्त्वाचे लेखन केले. अनुवादक कितीही सावध असला तरी रोमन लिपीत ‘चोखा’ला मोठे अक्षर द्यावेच लागते, आणि ते दिले की शुद्धतेचा दावा व्यक्तिनामात बंद होतो. पदव्युत्तर वर्गात हे दोन पाठ शेजारी ठेवून पाहावेत. इंग्रजीत नाव फक्त अभंग कोणाचा ते सांगते. मराठीत ते अभंगाचा निष्कर्षही सांगते.

इतका वेळ मोठ्या अक्षराचा अभाव हा लाभ ठरत आला. आता उलट बाजू. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका जोतीराव फुले यांनी अमेरिकेतील लोकांना उद्देशून लिहिली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा ती गौरव करते. इंग्रजीत छापलेल्या त्या चार-पाच ओळींत निग्रो, शूद्र आणि ब्राह्मण हे तीनही शब्द मोठ्या अक्षराने येतात. यावरून फुले यांच्या हेतूविषयी काही ठरवणे घाईचे होईल. त्या काळी मुद्रकही अशा बाबतीत सढळ असत. परंतु परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. खुद्द अमेरिकेत हा पहिला शब्द तेव्हा सर्रास लहान अक्षराने छापला जात होता. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १८९९च्या ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ या ग्रंथात आपण तो मोठ्या अक्षराने लिहिणार आहोत असे सांगितले आणि कारण दिले की ऐंशी लाख अमेरिकनांचा त्या अक्षरावर हक्क आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो हक्क मान्य केला तो मार्च १९३०मध्ये. तीच मागणी ‘ब्लॅक’ या शब्दाबाबत जून २०२०मध्ये असोसिएटेड प्रेसने स्वीकारली. पुण्यात छापल्या गेलेल्या शब्दांशी या इतिहासाचे नाते कोणी जोडलेले नाही, जोडावयास हवे.

ड्युबॉइस यांच्याशी १९४६मध्ये पत्रव्यवहार करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या इंग्रजी ग्रंथांत ‘अनटचेबल्स’ हा शब्द सातत्याने मोठ्या अक्षराने लिहितात. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर तो सबंध युक्तिवादाचा विषय आहे. लहान अक्षराने हा शब्द विशेषण आहे: ज्याला शिवू नये असा. म्हणजे दोष त्या माणसाच्या अंगी. मोठ्या अक्षराने तो एका जनसमूहाचे नाव होतो, ज्याला इतिहास आहे, संख्या आहे आणि म्हणून राजकीय प्रतिनिधित्वाचा अधिकार आहे. आंबेडकरांचा ग्रंथच विचारतो की हे लोक कोण होते. विशेषणाला असा प्रश्न विचारता येत नाही. मराठीत त्यांना ही सोय नव्हती. तेथे त्यांनी शब्द बदलले. १९२७च्या पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले, ज्यात दोष बहिष्कार टाकणाऱ्याकडे जातो. मिशनऱ्यांप्रमाणेच, पण अगदी वेगळ्या हेतूने, लिपीचे काम शब्दाकडून करून घेतले गेले.

‘दलित’ या शब्दाचे भवितव्य या दोन भाषांच्या मध्ये ठरले. १९५८मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा आणि १९७२मध्ये दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा हा शब्द मराठीत विशेषणही होता आणि नामही. पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्याने त्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया अशा सर्व पिळल्या गेलेल्यांचा समावेश केला. देवनागरीत ही व्याप्ती डोळ्याला खटकत नाही. पुढे दलित, बौद्ध की आंबेडकरवादी साहित्य म्हणावे यावर जो दीर्घ वाद झाला, त्याला धार आली ती शब्दाच्या याच मोकळेपणामुळे. १९९२मध्ये अर्जुन डांगळे संपादित ‘पॉयझन्ड ब्रेड’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी झेलियट यांचा ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हा लेखसंग्रह. तेथून इंग्रजीत ‘दलित’ मोठ्या अक्षराने स्थिर होत गेला. जागतिक अभ्यासक्षेत्रात त्याला जे स्थान मिळाले त्यात त्या अक्षराचा वाटा लहान नाही: विशेषनाम असल्याखेरीज अध्यासने निघत नाहीत, परिसंवाद भरत नाहीत. पण जाहीरनाम्यातील भूमिहीन आणि स्त्रिया त्या अक्षराच्या दाराबाहेर राहिल्या.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाचा आलोक मुखर्जी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००४मध्ये आला. आज आपले अनेक विद्यार्थी तो आधी इंग्रजीत वाचतात, मग मराठीत. त्यांच्या प्रबंधांत एक खोड दिसू लागली आहे. मराठीत लिहितानाही ते ‘दलित’ हा शब्द अवतरणचिन्हांत टाकतात किंवा ठळक टाइपात घेतात, म्हणजे इंग्रजीत वाचलेली उंची देवनागरीत कशीतरी आणू पाहतात. मार्गदर्शक ती चिन्हे काढून टाकतात आणि मुद्रितशोधकही काढतात. विद्यार्थी पुढच्या प्रकरणात ती पुन्हा घालतात.